उसनी खोली

मराठी भाषेंत एखाद्याला लागेल असें बोलावयाचें असलें म्हणजे जे शब्द चटकन् तोंडीं येतात, त्यांत तीन शब्द विशेष विचार करण्याजोगे आहेत : 'बाटगा', 'नास्तिक' आणि 'हिजडा'. पहिला शब्द वाडवडिलांचा धर्म सोडून परधर्मांत गेलेल्याला लावतात, दुसरा कोणताच धर्म न मानणाऱ्याला, आणि तिसरा स्त्री व पुरुष या दोन्ही सदरांत न बसणाऱ्याला. माणसाची एक विशिष्ट स्थिति सांगणें एवढेंच या शब्दांचें काम असावयास हवें होतें. पण वापरांत तिन्ही शिव्या होऊन बसले आहेत. ज्या गृहस्थाचा धर्म, ईश्वर किंवा लिंग यांच्याशीं कांहीं संबंध नाहीं, अशा एखाद्या राजकीय प्रतिपक्षालाहि ते शब्द फेकून मारतां येतात, आणि सभेंत टाळ्या पडतात. ज्या समाजांत कांहीं माणसांच्या वर्णनाचीच शिवी होते, त्या समाजानें आपण सहिष्णु आहों असें म्हणण्यापूर्वीं आपला शब्दकोश एकदां चाळून पाहावा, असें आम्हांस वाटतें.

अलीकडे 'तृतीयपंथी', 'समलिंगी', 'धर्मांतरित', 'विवेकवादी' असे सभ्य शब्द रूढ झाले आहेत, ही इष्टच गोष्ट आहे. परंतु शब्द सभ्य झाला म्हणून दृष्टि सभ्य झाली, असें अनुमान काढतां येत नाहीं. दृष्टि मोजावयाची ती कशानें? व्याख्यानपीठावरून माणूस तत्त्व बोलतो. तेथें सारेच उदार असतात. कथेंत, नाटकांत, आत्मचरित्रांत मात्र लेखकाला घर दाखवावें लागतें, आणि घर म्हटलें कीं पाणी कोणाच्या हातचें प्यावयाचें, पंक्तीला कोणाला बसवावयाचें, खोलीची किल्ली कोणापाशीं राहावयाची, हे प्रश्न आपोआप येतात. बहुसंख्यांच्या औदार्याची खरी परीक्षा या क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टींतच होते, असें आमचें मत आहे. म्हणून प्रस्तुत लेखांत आम्ही तीन मराठी कृतींचा या एकाच अंगानें विचार करणार आहों.

कोणी म्हणेल कीं, वाङ्मयकृतीला समाजशास्त्राच्या साक्षीसाठीं पिंजऱ्यांत उभें करणें हा तिच्यावर अन्याय आहे. फडके-खांडेकरांच्या काळीं कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला, हा वाद इतका घोटला गेला कीं, त्यांत पुन्हां शिरण्याची आमची इच्छा नाहीं. इतकेंच सांगतों कीं, ज्या कृती आम्हीं निवडल्या आहेत त्यांचें यशापयश, निव्वळ कलेच्या दृष्टीनें पाहिलें तरीहि, लेखकानें आपल्या माणसाला कोठें उभें केलें आणि कोणाच्या डोळ्यांनीं पाहिलें, यावरच अवलंबून आहे. येथें सामाजिक प्रश्न आणि कलेचा प्रश्न हे दोन नाहींत.

आधीं पार्श्वभूमीचा थोडा विचार केला पाहिजे. महाराष्ट्राला आपल्या वादप्रियतेचा अभिमान आहे, आणि तो अगदींच अस्थानीं नाहीं. येथें मताला फारशी बंदी नव्हती. बंदी होती ती माणसाच्या जागेला. गोपाळ गणेश आगरकरांनीं १८८८ सालीं 'सुधारक' काढला, ईश्वर व परलोक यांविषयींचा आपला अविश्वास कधीं लपवून ठेवला नाहीं, आणि तरीहि १८९२ पासून १८९५ सालीं मृत्यु येईपर्यंत ते फर्ग्युसन कॉलेजाचे प्रिन्सिपॉल होते. त्यांचे निबंध छापले गेले, वाचले गेले, खोडून काढले गेले. येथवर सारें कोणत्याहि सुसंस्कृत नगराला शोभेसें आहे. पण त्याच पुण्यांत ते जिवंत असतांनाच त्यांची प्रेतयात्रा निघाली. या प्रसंगाकडे आपण बहुधा एक हीन थट्टा म्हणून पाहतों. वस्तुतः त्याचा अर्थ अधिक खोल आहे. प्रेतयात्रा हें मताचें खंडन नव्हे. हा माणूस आमच्या हिशेबीं आतां माणसांत नाहीं, याला आमच्यांत जागा उरलेली नाहीं, असें जाहीर करण्याची ती रीत आहे. आगरकरांच्या पिढीनें मिलचा स्वातंत्र्यावरील निबंध जीव लावून वाचला होता. कायद्याच्या शिक्षेपेक्षां समाजाचा जुलूम अधिक खोलवर जातो, कारण तो रोजच्या जगण्याच्या बारीकसारीक गोष्टींत शिरतो व त्यांतून सुटण्यास फटी ठेवीत नाहीं, हें मिलचें म्हणणें त्यांना पुस्तकांतून शिकावें लागलेंच नसतें, तर पुण्याच्या गल्लींतहि समजलें असतें.

नास्तिकाच्या वांट्याला पुढें काय येतें, तेंहि पाहण्यासारखें आहे. मृत्यूनंतर त्याचा पुतळा उभा राहतो, जयंती साजरी होते, पाठ्यपुस्तकांत धडा लागतो. श्रद्धेशीं नव्हे तर अंधश्रद्धेशीं आपलें भांडण आहे असें जे जन्मभर समजावून सांगत आले, त्या डॉ. नरेन्द्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत खून झाला. आणि ज्या कायद्यासाठीं ते कित्येक वर्षें झगडत होते, तो त्याच वर्षाच्या डिसेंबरांत विधिमंडळानें संमत केला. मेलेल्या माणसाला जागा देणें सोपें असतें. तो पंक्तीला बसावयास येत नाहीं.

धर्म न मानणाऱ्यांची ही परंपरा आणि लैंगिक अल्पसंख्यांचा प्रश्न यांची मराठींतील गांठ ज्यांच्या हातून पडली, ते गृहस्थ म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. संततिनियमनाचा पुरस्कार केल्यामुळें गणिताची प्राध्यापकी सोडावी लागलेल्या या निरीश्वरवाद्यानें १९२७ च्या जुलैंत 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलें, आणि १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत तें चालविलें. त्या मासिकांत वाचकांच्या प्रश्नांना उत्तरें देण्याचें एक सदर असे. १९३४ सालीं त्यांच्यावर अश्लीलतेचा जो दुसरा खटला झाला, तो याच सदरांतील समलिंगी संबंध, हस्तमैथुन वगैरे विषयांवरील उत्तरांसाठीं. त्या खटल्यांत कर्व्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनीं मांडली. कामविषयक प्रश्नाला शास्त्रीय उत्तर देणें म्हणजे अश्लीलता नव्हे, असें त्यांचें म्हणणें होतें. खटला ते हरले आणि कर्व्यांना दंड झाला. ज्यानें स्वतः समाजाच्या तिरस्काराचा अनुभव घेतला होता असा वकील, आणि ज्याला समाजानें वाळींत टाकलें होतें असा अशील, हे दोघे तिसऱ्याच कोणा निनावी प्रश्नकर्त्याच्या उत्तराच्या हक्कासाठीं न्यायासनासमोर उभे राहिले, हा महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासांतील एक फार मोठा प्रसंग आहे. त्याची म्हणावी तशी नोंद आपल्या वाङ्मयेतिहासानें घेतलेली नाहीं.

या प्रसंगांत आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मात्र तो निनावी प्रश्नकर्ताच. त्यानें विचारलेला प्रश्न छापला गेला, याचा अर्थ असा माणूस मराठी बोलत होता, मासिक वाचीत होता, पत्र लिहीत होता. आपल्या घरांत जें कोणाला विचारतां येत नव्हतें, तें तो एका अनोळखी संपादकाला विचारीत होता. मराठी छापील पृष्ठावर हा माणूस प्रथम आला तो असा, नांवाशिवाय आणि प्रश्नाच्या रूपानें. पुढील वाङ्मयाचें काम त्याला नांव, घर व चेहरा देण्याचें होतें. तें तें कसें पार पडलें?

विजय तेंडुलकरांचें 'मित्राची गोष्ट' हें नाटक १९८१ सालीं रंगभूमीवर आलें. सुमित्रा देव ही कॉलेजकन्या, जिला सारे 'मित्रा' म्हणतात, ती नमा नांवाच्या मुलीवर प्रेम करते, आणि त्या प्रेमाचा शेवट तिच्या आत्मनाशांत होतो, हें नाटकाचें कथासूत्र सर्वपरिचित आहे. त्या काळीं हा विषय व्यावसायिक मराठी रंगभूमीवर आणावयास मोठें धैर्य लागलें, याविषयीं दुमत नाहीं. नाटककारानें मित्रेला कोठेंहि ओंगळ किंवा हास्यास्पद केलेलें नाहीं. तिच्या स्वभावांतील बेदरकारी, तिचा हट्ट, तिचा मत्सर, या सर्वांसह ती एक जिवंत स्त्री म्हणून उभी राहते. एवढ्यावरून या नाटकाची गणना सहानुभूतीच्या वाङ्मयांत होत आली आहे, आणि आमच्या मतें नेमकी येथेंच टीकाकारांची चूक झाली आहे.

ही गोष्ट सांगतो कोण? मित्रा नव्हे. बापू नांवाचा तिचा एक सरळ, भिडस्त, सभ्य मित्र ती सांगतो. बापू मनानें चांगला आहे. मित्रेचें गुपित कळल्यावर तो तिला टाकीत नाहीं, उलट नमेला भेटण्यासाठीं आपली खोली तिला देतो. मराठी प्रेक्षक या बापूच्या जागीं स्वतःला सहज बसवितो, कारण बापू म्हणजे आपणच : सुशिक्षित, उदार, कोणाचें वाईट न चिंतणारे. परंतु बापूचें हें औदार्य नीट न्याहाळून पाहावें. तो खोली देतो ती घटकाभरापुरती. किल्ली त्याची, खोली त्याची, शेजाऱ्यांच्या नजरेची भीतीहि त्याचीच. मित्रेचें प्रेम ज्या चार भिंतींत क्षणभर सुरक्षित असतें, त्या भिंती उसन्या आहेत, आणि ज्याच्याकडून त्या उसन्या घेतल्या आहेत त्याची सोय, त्याची भिड, त्याचा धीर जेथें संपतो तेथें मित्रेचें जगहि संपतें. नाटकाच्या अखेरीस मित्रा जाते आणि बापू उरतो, गोष्ट सांगावयाला.

नाटकाच्या नांवाकडे या दृष्टीनें पुन्हां पाहावें. 'मित्राची गोष्ट' म्हणजे मित्रा नांवाच्या मुलीची गोष्ट. पण मराठी व्याकरणाप्रमाणें 'मित्र' या शब्दाचेंहि षष्ठीचें रूप 'मित्राची' असेंच होतें. म्हणजे ही गोष्ट मित्रेची जितकी, तितकीच तिच्या मित्राचीहि. आमचें म्हणणें असें कीं, नाटकाचा खरा विषय बापूच आहे. बहुसंख्यांची सहानुभूति कोठवर जाते आणि कोठें थांबते, याचें इतकें निर्दय चित्र मराठींत दुसरें नाहीं. प्रेक्षक मित्रेसाठीं हळहळत घरीं जातो, बापूविषयीं विचार करीत नाहीं, आणि म्हणून हें नाटक आपल्याविषयीं होतें हें त्याच्या लक्षांत येत नाहीं. हळहळ ही सुद्धां एक प्रकारची सुटका आहे.

तरीहि एक आक्षेप उरतोच. मित्रा मेली नसती तर? ई. एम्. फॉर्स्टरनें 'मॉरिस' ही कादंबरी १९१३-१४ मध्यें लिहिली, पण त्याच्या मृत्यूनंतर १९७१ सालीं ती प्रसिद्ध झाली. तिच्या प्रकाशनाला अडचण होती ती विषयाची जितकी, तितकीच शेवटाची. दोघां पुरुषांचें प्रेम सुखान्त दाखवावयाचेंच, असा फॉर्स्टरचा आग्रह होता. नायकाला फांस लावून घेतांना दाखविलें असतें, तर इंग्रज समाजाची समजूत पटणें अधिक सोपें होतें, हें तो ओळखून होता. निराळ्या माणसाचा शोकान्त बहुसंख्यांना गैरसोयीचा नसतो. त्याच्या मरणानें सहानुभूतीलाहि वाव मिळतो आणि घराची व्यवस्थाहि बिघडत नाहीं. सहानुभूतीचें हें मोल अल्पसंख्यांनींच आपल्या प्राणांनीं भरावयाचें, असा जणुं एक वाङ्मयीन दंडक आहे. तेंडुलकरांनीं तो मोडला नाहीं. त्यांच्या बाजूनें एवढेंच म्हणतां येईल कीं, त्यांच्या बापूला खोली उसनी देण्यापलीकडचें कांहीं सुचणें शक्य नव्हतें, हें ते पक्कें जाणत होते.

पंचवीस वर्षांनंतर, २००६ सालीं, सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही लहानशी कादंबरी आली. येथें गोष्ट सांगणारा मित्र नाहीं. पुण्याच्या जोशी कुटुंबांतील तनय आणि अनुजा ही भावंडें घरांत भाड्यानें राहावयास आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमांत पडतात, तो तरुण दोघांनाहि सोडून जातो, आणि दोघें आपापल्या परीनें तें सांगतात : तनय त्या गेलेल्याला 'तूं' म्हणून बोलत राहतो, अनुजा रोजनिशी लिहिते. कर्व्यांच्या निनावी प्रश्नकर्त्याला येथें नांव मिळालें, आडनांव मिळालें, आई-बाप आणि भावंडें मिळालीं. मुख्य म्हणजे त्याला स्वतःचा आवाज मिळाला. खोली मात्र येथेंहि परक्याचीच आहे. तनयचें सुख त्याच्या स्वतःच्या घरांत, पण भाडेकरूच्या खोलींत घडतें.

या कादंबरीचें मर्म तिच्या रचनेंत आहे. अनुजा त्या तरुणाबरोबर निघून जाते व टाकली जाऊन परत येते, तेव्हां घर हादरतें, रागावतें, पण तिच्या दुःखाला त्या घराच्या भाषेंत एक नांव आहे. मुलगी पळून गेली होती, फसली, परत आली : या प्रकाराला उपाय आहेत, सल्ले आहेत, मावश्या-आत्यांच्या कुजबुजी आहेत, डॉक्टरहि आहे. तनयनें तेंच माणूस गमावलें आहे, तितकेंच गमावलें आहे, पण त्याच्या दुःखाला घरांत शब्दच नाहीं. त्याला कोणी छळीत नाहीं, हांकून देत नाहीं, शिव्या देत नाहीं. त्याला कांहीं झालें असेल अशी कल्पनाच कोणाच्या मनाला शिवत नाहीं. मध्यमवर्गीय मराठी घराची क्रूरता बहुधा अशी असते, ओरडण्याची नव्हे, न विचारण्याची. दोन दुःखें शेजारीशेजारी ठेवून लेखकानें हें दाखविलें, त्यासाठीं एकहि वाक्य उपदेशाचें लिहिलें नाहीं, याबद्दल त्यांचें अभिनंदनच केलें पाहिजे. कादंबरीच्या भाषेंत पुढें पुढें जी एक सफाईदार नजाकत येते, ती आम्हांस किंचित् अधिक वाटते. तनयचें दुःख थोडें ओबडधोबड असतें तर अधिक खरें वाटलें असतें. पण हा दोष गौण आहे.

येथें एका लोकप्रिय समर्थनाचा समाचार घेतला पाहिजे. आपली संस्कृति मुळांत उदार होती, हा संकोच आपल्याला इंग्रजांनीं शिकविला, असें वारंवार सांगण्यांत येतें. घारापुरीच्या लेण्यांतील अर्धनारीनटेश्वराकडे बोट दाखविण्यांत येतें, विराटाच्या घरीं उत्तरेला नृत्य शिकविणाऱ्या बृहन्नडेचें स्मरण देण्यांत येतें. १८६० च्या दंडसंहितेंतील ३७७ वें कलम इंग्रजांनीं आणलें, हें निर्विवाद आहे. परंतु त्या कलमानें कोणाला खोली भाड्यानें द्यावी व कोणाला देऊं नये हें सांगितलें नव्हतें, आणि 'हिजडा' या शब्दाची शिवीहि मेकॉलेनें केली नव्हती. जो समाज दगडाच्या मूर्तीपुढें हात जोडतो आणि तिच्याच धर्माचा जिवंत माणूस दारीं आला कीं चार नाणीं देऊन त्याला वाटेस लावतो, त्यानें आपल्या मूर्तींचा दाखला जपून द्यावा. बृहन्नडेलाहि विराटाच्या राजवाड्यांत थारा मिळाला तो अज्ञातवासांत.

कायद्यानें अलीकडे पुष्कळ अंतर तोडलें आहे. १५ एप्रिल २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तृतीयपंथी व्यक्तींचा आपली लिंगओळख आपण ठरविण्याचा हक्क मान्य केला. ६ सप्टेंबर २०१८ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या पीठानें प्रौढांच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांना ३७७ व्या कलमाच्या कक्षेबाहेर काढलें. त्या निकालपत्रांत केवळ खाजगीपणाचा नव्हे, तर प्रतिष्ठेचाहि विचार आहे. इतिहासानें या लोकांची क्षमा मागितली पाहिजे, अशा आशयाचे उद्गारहि एका न्यायमूर्तींनीं काढले आहेत. परंतु समाजानें त्या थोर निकालांतून स्वतःपुरतें उचललें काय? तर, बंद दाराआड काय करावयाचें तें करा, एवढेंच. म्हणजे पुन्हां बापूची खोली! दार उघडून बाहेर येण्याचा प्रश्न निघाला, तेव्हां १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं त्याच न्यायालयानें समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि तें काम संसदेचें आहे असें सांगितलें. न्यायालयाच्या अधिकाराच्या मर्यादेचा वाद आम्ही कायदेपंडितांकडे सोपवितों. वाङ्मयाच्या वाचकाला त्यांत दिसतें तें इतकेंच कीं, जो प्रश्न मित्रेच्या बाबतींत होता तोच अजून आहे : भेटण्याची जागा मिळाली, नांदण्याची नाहीं.

याचा अर्थ असा नव्हे कीं बहुसंख्य तेवढे संकुचित आणि अल्पसंख्य तेवढे उदार. अल्पसंख्यांच्या पोटांतहि अल्पसंख्य असतात, आणि त्यांची स्थिति अधिकच बिकट असते. १८ एप्रिल १९६६ रोजीं हमीद दलवाईंनीं तोंडी तलाकाविरुद्ध मुंबईच्या विधानभवनावर मोर्चा नेला, त्यांत मुसलमान स्त्रिया होत्या सात. सातच! 'इंधन'सारखी कादंबरी लिहिणाऱ्या या लेखकानें १९७० सालीं मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिलें, आणि १९७७ सालीं अकालीं मृत्यु येईपर्यंत स्वजनांचा रोष सोसला. बहुसंख्य समाजांतील पुष्कळांनीं त्यांची पाठ थोपटली खरी. पण मुसलमानाला घर भाड्यानें देतांना कपाळाला आंठी पडणारे लोकहि त्याच समाजांत होते आणि आहेत. दलवाईंचें मत हवें होतें, दलवाईंचा शेजार नको होता, असें म्हणण्याची पाळी येते ती यामुळें.

मग मराठी वाङ्मयांत उसन्या खोलीपलीकडे कोणी गेलेंच नाहीं काय? गेलें आहे, आणि तें 'मित्राची गोष्ट'च्या आधीं जवळजवळ अर्धें शतक. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून भागाभागानें प्रसिद्ध झालीं. त्यांवर इतकें लिहिलें गेलें आहे कीं, नव्यानें कांहीं सांगावयास भीति वाटते. त्यांतील विनोद, त्यांतील निर्मळ मन, त्यांतील बोली भाषेची गोडी यांची स्तुति परंपरेनें होत आली आहे. परंतु समाजाच्या दृष्टिपालटाचा सर्वांत विश्वसनीय मराठी दस्तऐवज म्हणून या ग्रंथाकडे पाहिलें जात नाहीं, हें आम्हांस नवल वाटतें.

१८९५ सालीं नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई झाल्या नाहींत. ज्यांच्या वडिलांचें सोवळें अतिरेकाला गेलेलें होतें, अशा घरीं त्या वाढल्या. शिक्षण असें नव्हतेंच. आणि ज्याला सारे 'बाटगा' म्हणत होते तो त्यांचा नवरा होता. कांहीं वर्षें त्या नातलगांच्या आश्रयानें वेगळ्या राहिल्या. पुढें नवऱ्याच्या गांवीं गेल्या, तेव्हांहि चूल वेगळी ठेवली, पाणी वेगळें ठेवलें. हें सारें त्यांनीं कांहींहि न लपवितां, स्वतःला हंसत सांगितलें आहे. आपल्या पूर्वग्रहाकडे त्या पश्चात्तापाच्या सुरांत पाहत नाहींत, आणि त्याचें समर्थनहि करीत नाहींत. घरांतील एखाद्या जुन्या, अडगळीच्या, पण ओळखीच्या वस्तूकडे पाहावें तशा त्याकडे पाहतात. मग एके दिवशीं विचार करतां करतां त्यांच्या मनानें घेतलें कीं, माणसामाणसांतला हा भेद देवानें केलेला असणें शक्य नाहीं; आणि तेव्हांपासून कोणाच्याहि हातचें खाण्यापिण्यास हरकत नाहीं असें त्यांनीं ठरविलें. लक्षांत घ्यावयाची गोष्ट ही कीं, हा निश्चय झाला तेव्हां त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. बाप्तिस्मा पुढें, १९०० सालीं झाला. पाण्याचा प्रश्न आधीं सुटला, धर्माचा नंतर.

यावर असें म्हणतां येईल कीं, ही सारी पतिव्रताधर्माची करामत. नवऱ्यामागें बायको गेली, त्यांत दृष्टिपालट कसला? पण पतिव्रताधर्मच प्रभावी असता, तर मधलीं पांच वर्षें गेलींच नसतीं. टिळक कवि होते, वक्ते होते, वादपटु होते, आणि तरीहि त्यांच्या वादानें लक्ष्मीबाई हललेल्या दिसत नाहींत. त्या हलल्या त्या आपल्याच विचारानें, आणि तो विचार त्यांना सुचला तो त्या माणसांत राहूं लागल्यावर. बापू आपली खोली निराळ्या माणसाला उसनी देतो. लक्ष्मीबाई स्वतः निराळ्या माणसाच्या घरीं राहावयास गेल्या. पहिल्यांत देणाऱ्याचें कांहीं बदलत नाहीं. दुसऱ्यांत जाणाऱ्याची चूल, पंक्ति, पाणी, नातीं सारें बदलतें. 'सहिष्णुता' या शब्दांत सहन करणें आहे, आणि सहन करावयाचें तें दुःख, रोग, अपमान, उन्हाळा. माणूस ही सहन करण्याची वस्तु नव्हे. लक्ष्मीबाईंनीं कोणालाहि सहन केलें नाहीं. आधीं भांडल्या, रुसल्या, वेगळ्या राहिल्या, आणि मग त्यांच्यांतल्या झाल्या. म्हणून त्यांचा ग्रंथ कोठेंहि उपकाराच्या सुरांत बोलत नाहीं.

२०१२ सालीं लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचें आत्मकथन मराठींत आलें, त्याचें नांव 'मी हिजडा, मी लक्ष्मी' असें आहे. आमच्या आरंभींच्या तीन शिव्यांपैकीं एक येथें मुखपृष्ठावर आली, ती ज्या माणसाला ती दिली जात होती त्याच माणसाच्या हातानें, स्वतःच्या नांवाच्या शेजारीं. शिवीचें पुन्हां वर्णन झालें. वाङ्मय एवढें करूं शकतें, आणि तें थोडें नाहीं. नास्तिकाचें, धर्मांतर केलेल्याचें, समलिंगी स्त्रीपुरुषांचें, तृतीयपंथीयांचें स्वतःचें लेखन आतां मराठींत येऊं लागलें आहे. तें तें लिहितीलच, आणि त्यांना आमच्या परवान्याची गरज नाहीं.

जें अजून लिहिलें गेलें नाहीं तें बहुसंख्यांनीं लिहावयाचें पुस्तक आहे. तनयच्या आईनें, त्याच्या बापानें, मित्रेच्या बापूनें, आपण काय विचारलें नाहीं आणि कां विचारलें नाहीं, हें लक्ष्मीबाईंच्या सरळपणानें सांगणारें आत्मचरित्र मराठींत नाहीं. आपल्या चुलीपाशीं, आपल्या पंक्तींत, आपल्या जिन्यावर जें घडलें तें लिहावयास मोठ्या तत्त्वज्ञानाची आवश्यकता नसते. 'स्मृतिचित्रें' लिहिणारी बाई कोणत्याहि शाळेंत गेली नव्हती. तें पुस्तक येईपर्यंत सहिष्णुतेविषयींचीं आमचीं व्याख्यानें म्हणजे खोली उसनी देणाऱ्यानें स्वतःच्या औदार्याविषयीं केलेलीं भाषणें आहेत, असेंच भावी वाचकानें समजावें.